माफीनामा दाखल झाला, घराचे काय?

२४ मार्च २०२५. एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दोन पाडकामांचा विषय दोन न्यायालयांपुढे आला. सर्वोच्च न्यायालयात सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवणचे प्रकरण होते. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि लगोलग संबंधित कुटुंबाचे भंगाराचे दुकान नगरपरिषदेने पाडले. त्यावरच्या अवमान याचिकेत न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने नोटीस काढली. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १७ मार्चच्या हिंसाचारातील आरोपींच्या घरांवर सुरू असलेल्या कारवाईला स्थगिती दिली. आदेश निघाला तोवर मुख्य आरोपीचे घर मात्र जमीनदोस्त झाले होते.

त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक वाक्य फिरत होते : "आता अधिकारी आत जाणार." आमच्या शनिवारच्या वाचनगटातही एका मुलाने हेच विचारले. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे. "सर, सुप्रीम कोर्टाने कंटेम्प्ट होईल असं स्पष्ट लिहिलंय. मग जेल होणार ना?" मी म्हटले, बहुधा माफीनामा येईल. एप्रिलमध्ये तसेच झाले. नागपूर महापालिकेच्या आयुक्तांनी उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन बिनशर्त माफी मागितली. कारण असे दिले की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची माहिती संबंधित विभागांना नव्हती, राज्य सरकारचे परिपत्रक आलेच नव्हते.

यात मी भाकीत केले असे काही नाही. अवमानाची प्रकरणे आपल्याकडे कशी मिटतात हे थोडे पाहिले असेल तर कोणीही हेच सांगितले असते. आणि ती कशी मिटतात हे आपल्या पिढीने नीट समजून घ्यायला हवे असे मला वाटते, कारण 'कंटेम्प्ट' या शब्दावर आपण फार भिस्त ठेवून बसलो आहोत.

आधी निकाल काय होता ते पाहू. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी बुलडोझर कारवाईबाबत देशभरासाठी नियम घालून दिले. पाडण्यापूर्वी लेखी नोटीस हवी. ती रजिस्टर पोस्टाने जावी आणि बांधकामावरही डकवली जावी. नोटीस मिळाल्यापासून किमान १५ दिवस उत्तराला हवेत. स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती. नोटीस बजावल्याची खबर ई-मेलने जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, म्हणजे मागची तारीख टाकून कागद रंगवता येणार नाहीत. व्यक्तिशः सुनावणी, तिचे इतिवृत्त, कारणांसह अंतिम आदेश, त्यानंतर पुन्हा १५ दिवस, आणि पाडकामाचे चित्रीकरण. हे मोडले तर अवमानाची कारवाई तर होईलच, शिवाय संबंधित अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून बांधकाम पूर्ववत करून द्यायचे आणि नुकसानभरपाईही द्यायची.

एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात ठेवा. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणची अनधिकृत बांधकामे, आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेली बांधकामे, यांना हे संरक्षण नाही. त्यामुळे पुढच्या प्रत्येक प्रकरणात सरकारी वकील पहिल्यांदा 'हे रस्त्यावरचे अतिक्रमण होते' असे म्हणू शकतो. ते खोटे असेल तर खोडायला तुमच्याकडे मोजणी नकाशा किंवा मालमत्ता पत्रक हवे. पाडून झाल्यावर ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

या निकालातच असेही म्हटले होते की प्रत सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवावी आणि राज्य सरकारांनी जिल्हाधिकारी व स्थानिक संस्थांना परिपत्रके काढावीत. १३ नोव्हेंबर ते २४ मार्च म्हणजे १३१ दिवस. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलेला निकाल या १३१ दिवसांत महापालिकेच्या एकाही विभागाच्या कानावर गेला नाही, असे त्या प्रतिज्ञापत्राचे म्हणणे. मोहल्ल्यातला पानवाला तुम्हाला १५ दिवसांचा नियम सांगेल.

तरीही माफी हा साधा बहाणा आहे असे म्हणून चालत नाही, कारण कायद्यानेच तिला जागा ठेवली आहे. न्यायालय अवमान अधिनियम १९७१ च्या कलम १२ प्रमाणे जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने साधी कैद, किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचा हा आकडा १९७१ पासून तसाच आहे. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की न्यायालयाचे समाधान होईल अशी माफी मागितली तर आरोपीला सोडून देता येते किंवा शिक्षा माफ करता येते. माफी मनापासूनची असेल तर ती केवळ सशर्त आहे म्हणून नाकारायची नाही, इतपत सवलत आहे. शिवाय आदेश 'हेतुपुरस्सर' मोडला हे सिद्ध व्हावे लागते. म्हणूनच प्रतिज्ञापत्रात 'आम्हाला माहीत नव्हते' हे वाक्य येते. ते पश्चात्तापाइतकेच बचावाचेही वाक्य असते.

या सगळ्याच्या मुळाशी एक कल्पना आहे. अवमान हा न्यायालय आणि आदेश मोडणारा यांच्यातला मामला मानला जातो. ज्याचे घर पडले तो या खटल्यात फिर्यादी नसतो. तो न्यायालयाला जाऊन खबर देणारा असतो. 'तुमचा हुकूम मोडला बघा' एवढे त्याने सांगायचे. पुढे न्यायालयाने रागवायचे की सोडून द्यायचे ते न्यायालय ठरवते. न्यायालयाचा मान राखला गेला की प्रकरण निकाली निघते. ढिगाऱ्याचा विषय त्यात येतोच असे नाही.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्याला तोंडपाठ असायला हवे. १९९२ च्या जुलैमध्ये अयोध्येत न्यायालयाचे आदेश असताना चबुतऱ्याचे बांधकाम झाले. त्याबद्दल २४ ऑक्टोबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याण सिंह यांना अवमानाबद्दल एक दिवसाची प्रतीकात्मक कैद आणि दोन हजार रुपये दंड ठोठावला. ६ डिसेंबरला मशीदच पाडली गेली, त्याबद्दलच्या अवमान याचिका मात्र पडून राहिल्या. अर्जदार अस्लम भुरे २०१० साली वारले. ३० ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने, इतका काळ लोटला आणि २०१९ चा निकालही आला, आता यात काही उरले नाही, असे म्हणून ते प्रकरण बंद केले. तीस वर्षांत तिथे माफीचीसुद्धा गरज पडली नाही.

पण एवढ्यावरून 'कोर्टात काही होत नाही' असा निष्कर्ष काढून हात झटकणाऱ्यांशी माझे भांडण आहे. ते वाक्य आपल्याकडे फार सैल तोंडाने बोलले जाते. कधी कधी होते, आणि महाराष्ट्रातच झाले आहे. आरागिरण्यांबाबतचे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश डावलून त्यांना परवानगी दिली म्हणून मे २००६ मध्ये राज्याचे मंत्री स्वरूपसिंह नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत या दोघांना एक-एक महिन्याची साधी कैद झाली. माफी त्यांनीही मागितली होती. न्यायालयाने ती स्वीकारली नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे, आणि आपल्या विषयाला जास्त जवळचे. आंध्र प्रदेशात गुंटूर जिल्ह्यात उच्च न्यायालयाचा आदेश असताना एका तहसीलदाराने २०१३-१४ मध्ये गरिबांच्या झोपड्या पाडल्या. पुढे तो उपजिल्हाधिकारी झाला. उच्च न्यायालयाने त्याला दोन महिन्यांची कैद दिली होती. ९ मे २०२५ रोजी न्या. गवई आणि न्या. मसीह यांच्या खंडपीठाने ती कैद काढली, पण त्याला पुन्हा तहसीलदार पदावर आणले आणि एक लाख रुपये दंड केला. अकरा वर्षे लागली. मला मात्र या शिक्षेत तुरुंगापेक्षा जास्त धार दिसते. दोन महिन्यांच्या कैदेची कथा कार्यालयात शौर्यकथा म्हणूनही सांगितली जाऊ शकते. पदावनती सेवापुस्तकात कायमची बसते, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस ती रोज बघतो.

तिसरे उदाहरण अवमानाचे नाहीच, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे. प्रयागराजमध्ये २०२१ साली घरे पाडली गेली. त्या घरमालकांनी त्या कारवाईलाच आव्हान दिले. १ एप्रिल २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी प्रत्येक घरमालकाला सहा आठवड्यांत दहा लाख रुपये देण्याचा आदेश विकास प्राधिकरणाला दिला. कोणी तुरुंगात गेले नाही. पण लोकांच्या हातात पैसे देण्याचा आदेश आला.

ही तीन प्रकरणे शेजारी ठेवली की माझे म्हणणे स्पष्ट होईल. पाडलेल्या घराच्या बाबतीत माफी स्वीकारण्याची अट नुकसान भरून देणे हीच असली पाहिजे. आधी भरपाई जमा करा, आधी बांधकाम पूर्ववत करण्याचा आराखडा द्या, मग माफीचे बघू. यासाठी नवा कायदा लागत नाही. १९९६ मध्ये दिल्लीच्या स्किपर कन्स्ट्रक्शन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच आहे की आदेश मोडून मिळवलेला फायदा अवमान करणाऱ्याच्या पदरात राहू देता कामा नये. तिथे ग्राहकांचे पैसे परत करण्यासाठी बिल्डरच्या कुटुंबाच्या मालमत्तांवर जप्ती आणली गेली. आणि नोव्हेंबर २०२४ च्या निकालात तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाईचे वाक्य थेट आहे. ते वाक्य वापरायचे की नाही एवढाच प्रश्न आहे. न्यायालयाने स्वतःहून ते वापरावे अशी अपेक्षा जरूर ठेवा, पण अर्जात ते मागितलेच नसेल तर कोण देणार?

इथे आपली चूक येते. तातडीच्या संतापात लिहिलेल्या याचिकेतली मागणी बहुतेक वेळा एकच असते : अमुक अधिकाऱ्याला शिक्षा करा. शिक्षा झाली तर बातमी होते. नाही झाली, माफी आली, की याचिका संपते आणि कुटुंब भाड्याच्या खोलीत असते. म्हणून वकिलाला दोन गोष्टी वेगळ्या सांगायच्या. अवमान याचिकेतच पूर्ववत करण्याची आणि वैयक्तिक भरपाईची मागणी लिहा. आणि पाडकामच बेकायदा ठरवून भरपाई मागणारी स्वतंत्र रिट याचिकाही करा, कारण अवमान ऐकणारे न्यायालय मूळ आदेशाच्या चौकटीबाहेर सहसा जात नाही.

आता जिल्ह्यातल्या माणसाला हे कुठे करायचे ते सांगतो, कारण इथे खूप गोंधळ आहे. तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे न्यायालय अवमान अधिनियमाखाली शिक्षा देऊ शकत नाही. खालच्या न्यायालयाचा अवमान झाला तरी शिक्षा देण्याचा अधिकार कलम १० प्रमाणे उच्च न्यायालयाचा. मालवणच्या किंवा राजापूरच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, सांगली, सोलापूर हे जिल्हे कोल्हापूरसह त्याच्या अखत्यारीत आले. रात्रीची रेल्वे आणि मुंबईतला मुक्काम वाचला, ही लहान गोष्ट नाही.

मग खालच्या दिवाणी न्यायालयाने दिलेला मनाई हुकूम कोणी मोडला तर? तिथे उच्च न्यायालयात धाव घेण्याआधी जवळचा रस्ता आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ३९, नियम २-अ खाली त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा रस्ता असताना थेट अवमान याचिका केली तर 'आधी तिथे जा' असे ऐकावे लागण्याची शक्यता असते.

आणि मुदत. कलम २० प्रमाणे अवमान झाल्यापासून एक वर्ष. हे वर्ष आपल्याकडे कसे जाते ते मी पाहिले आहे. पहिले तीन महिने निवेदने. मग एक नेता म्हणतो थांबा, मी वर बोलतो. मग निवडणूक. मग कोणीतरी म्हणते ईदनंतर बघू. एका गावात मला फाइल दाखवली तेव्हा चौदा महिने झाले होते. फाइलमध्ये निवेदनांच्या प्रती अकरा होत्या, सगळ्यांवर नेत्यांबरोबरचे फोटो पिनने लावलेले. नगरपरिषदेच्या आवक विभागाचा शिक्का असलेला कागद एकही नव्हता. आदेशाची प्रत अधिकाऱ्याला कोणत्या तारखेला दिली याचा पुरावा नव्हता. 'हेतुपुरस्सर' हा शब्द सिद्ध करायचा तर पहिला कागद तोच लागतो : आदेश त्याला माहीत होता. ज्यांना परिपत्रक 'मिळत नाही' त्यांना निकालाची प्रत तुम्ही हाताने नेऊन द्या आणि पोच घ्या. नोटीस आली की त्याच दिवशी, उत्तरासोबत. एवढे केले तर 'माहीत नव्हते' हे वाक्य प्रतिज्ञापत्रात लिहिणे अवघड होईल.

जाता जाता, अवमान म्हणजे न्यायाधीशांवर टीका असे समजून घाबरणाऱ्या मित्रांसाठी. ती गुन्हेगारी अवमानाची बाजू वेगळी. प्रशांत भूषण यांना ऑगस्ट २०२० मध्ये एक रुपया दंड झाला तो त्यातला. आदेश न पाळणे हा दिवाणी अवमान. निकालावर सभ्य भाषेत मतभेद मांडणे यांपैकी कशातच बसत नाही, तेव्हा हा लेख शेअर करायला हरकत नाही.

दिवाणी अवमानाच्या व्याख्येत अजून एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याच घराकडे बोट दाखवते. न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हाही अवमान आहे. कुटुंब न्यायालयाच्या आवारात एक तास उभे राहा. नवरा न्यायाधीशांसमोर 'दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे भरीन' असे लिहून देतो आणि तिसऱ्या महिन्यापासून गायब होतो. १० जुलै २०२४ रोजी न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांनी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खाली पोटगी मागता येते हे पुन्हा स्पष्ट केले, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी कपाळाला आठ्या घातल्या ते आठवा. पोटगीचा हुकूम मोडला तर दंडाधिकारी वॉरंट काढू शकतात, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तरी ती बाई तारखांना एकटी येते, मुलाला कडेवर घेऊन. जमातीतले जे लोक पाडकामाच्या तारखेला गाड्या भरून येतात त्यांतला एकही तिच्या तारखेला नसतो. न्यायालयाचा आदेश महापालिकेने पाळलाच पाहिजे आणि सलीमने मोडला तर चालेल, असे दोन्ही एकदम म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येते, पण ऐकणारे हसतात.

त्या विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न राहिलाच. "मग सर, कंटेम्प्ट करूच नये का?" करावे. नोटीस निघाली की पुढचा अधिकारी बुलडोझरच्या चालकाला बोलावण्याआधी एकदा विधी अधिकाऱ्याला फोन करतो, एवढा धाक तरी त्यात आहे. नागपुरात निकालाची माहिती नव्हती हे शपथेवर लिहून द्यावे लागले, म्हणजे आता तिथे 'माहीत नव्हते' हे दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही.

त्याला मी एक काम दिले आहे, तुम्हीही करून पाहा. नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने प्रत्येक स्थानिक संस्थेला तीन महिन्यांत एक डिजिटल पोर्टल करायला सांगितले होते. कोणाला नोटीस दिली, कशी बजावली, उत्तर काय आले, अंतिम आदेश काय, हे सगळे त्यावर दिसायला हवे. तुमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर ते आहे का शोधा. नसेल तर माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा : पोर्टल कधी सुरू झाले, नोटिसा जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्यासाठी नेमलेला नोडल अधिकारी कोण, आणि निकालाबाबतचे परिपत्रक कार्यालयाला कोणत्या तारखेला मिळाले. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवे. पोच घ्यायला विसरू नका.